पांघरलेला धर्म

मी पेडगावचा, असे सांगितले की समोरचा माणूस हमखास हसतो. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आमच्या मानगुटीवर कायमची बसली आहे. म्हणीतले पेडगाव श्रीगोंद्याकडचे, भीमेकाठचे; आमचे परभणी जिल्ह्यातले. पण हा खुलासा करणे मी आता सोडून दिले आहे. उलट त्या म्हणीतले ‘पांघरणे’ मला विचार करायला लावते. माणूस वेड पांघरतो, शहाणपण पांघरतो, आणि सर्वांत सहज पांघरतो तो धर्म.

नोकरीची सारी वर्षे बँकेत गेली. चेकवरची सही नमुन्याशी जुळते की नाही, हे पाहायचे आणि जुळली की पैसे द्यायचे. सही करणारा माणूस कसा आहे, हे तिच्यावरून कळत नसे. गळ्यातली माळ, कपाळावरचा बुक्का, छातीवरचा क्रूस, रविवारची चर्चमधली हजेरी या अशाच सह्या. खात्यात शिल्लक किती, हा प्रश्न वेगळा. तो स्वतःलाच विचारण्याचे धैर्य काही मराठी ख्रिस्ती माणसांनी दाखवले. त्यांची आठवण सर्वांनीच ठेवावी अशी आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद झाले. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, आपली संस्कृत का नको, असे त्या विचारीत. सांगितले ते निमूट मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण त्यांचे खरे मोठेपण पुढे दिसले. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी आपल्याला उमगले की, आपल्या हाती ख्रिस्ती धर्म लागला, ख्रिस्त लागलाच नव्हता, असे त्यांनी तीत मोकळेपणाने सांगितले. सगळीकडे नाव झालेल्या बाईने हे छापून जाहीर करावे, ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले. रस्त्याच्या कोपऱ्यावर लोकांना दिसेल अशी प्रार्थना करू नका, खोलीत जाऊन दार लावून करा, असे सांगणारे ते प्रवचन. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. कीर्तन आणि अभंग त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांची गीते आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर मन जडले एवढे पुरे. दोनच वर्षांनी टिळक गेले आणि दरबार वाढायचा राहिला.

मला मात्र सर्वांत जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही आपले सोवळे आणि आपली चूल सांभाळूनच. पुढे राहुरीला असताना एका रात्री त्यांच्या मनात विचार सुरू झाला. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर प्राण्यांमध्ये दिसतो तसा काही फरक माणसांत दिसला असता. तो तर दिसत नाही. मग हे माणसाचेच काम! त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, हे त्यांनी ठरवून टाकले. बाप्तिस्मा झाला तो नंतर, १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी या जागी नेहमी थांबतो. पाद्री नाही, पाणी नाही, साक्षीदार नाहीत. खरे धर्मांतर त्या रात्रीच झाले होते.

याउलटही घडते. बाप्तिस्मा होतो, नाव बदलते, पण जात मागच्या दाराने चर्चमध्ये शिरते. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये असा भेदभाव अजून आहे अशी कबुली दिली. उशिरा का होईना, दिली.

म्हणून बाहेरचे सारे फोल, असे मी म्हणणार नाही. टिळकांनीही भजन-कीर्तन टाकले नाही. ते आपल्या भाषेत आणले. घागरीवाचून पाणी घरी येत नाही. मात्र रिकामी घागर डोक्यावर घेऊन मिरवले, तर तहान भागत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईला विठोबा दळण दळताना भेटला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या जात्यापाशी ना पुजारी होता, ना घंटा.

तेव्हा आज रविवारी कोणी चर्चमधून आले असेल, कोणी देवपूजा आटोपून पेपर हाती घेतला असेल. आनंद आहे. फक्त उठून एकदा स्वयंपाकघरात जावे आणि पाहावे: धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा चहाचा कप अजून वेगळा ठेवलेला आहे का?