माळ्यावरची लाल मोटार

दिवाळीची साफसफाई काढलीत ना? मग माळ्यावरच्या त्या धुळकट खोक्याला हात घालण्याआधी जरा थांबा. 'मीडिया', 'लिटल मास्टर' असं काहीसं नाव असलेला तो जुना व्हिडिओ गेम भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका, बरं का!

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम'च्या या नकला. १९९० नंतर त्या आपल्याकडे घरोघरी शिरल्या. त्याआधी, १९८८ साली 'डीबी स्पेक्ट्रम' हा छोटा संगणक आला होता. त्यात गेम चढवायचा तो चक्क टेपरेकॉर्डरवरून, कॅसेटची किरकिर ऐकत! पण पोरांना शर्यतीचं खरं वेड लावलं ते कोनामी कंपनीच्या 'रोड फायटर'नं. हा गेम १९८४ चा.

आमच्या वळसंगावरून सोलापूर-अक्कलकोट रस्ता जातो. बाहेर ट्रकांची घरघर, आणि आत टीव्हीवरही ट्रकच. कणकेचे हात घेऊन मी दारातून बघत असे. एकदा खेळू दे म्हटलं की भाऊ म्हणायचा, "ताई, तुला नाही जमायचं. तू चहा टाक."

न जमायला काय आहे हो त्यात? लाल मोटार, वेग ४०० पर्यंत. पेट्रोलचा आकडा १०० वरून सारखा खाली येतो. दुसऱ्या गाडीला घासलात तर मोटार घसरते. वेळीच कळ दाबली तर सावरते. कडेला आपटलात तर स्फोट, वर पेट्रोल कापलं जातं ते वेगळंच. मध्येच एखादी रंगीबेरंगी गाडी येते, ती गाठली की पेट्रोल वाढतं. महिनाअखेरीला डब्यातलं रॉकेल पुरवलेल्या बायकांना हे कुणी शिकवायला नको! न आपटता बरंच पुढे गेलात, तर कडेनं एक उडता माणूस जातो. आम्ही त्याला सुपरमॅन समजत होतो. तो निघाला 'कोनामी मॅन'.

खोकं सुरू करायचं असेल तर आधी अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण खोक्यावरच्या खुणेशी ताडून पाहा. कॅसेट चालेना म्हणून तिच्यात फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच होती, पण ती वाईट. तोंडातल्या ओलीनं धातूच्या पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा हलकेच फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. नव्या चपट्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या वायरींची भोकं नसतील, तर जोडणीची डबी बाजारात मिळते. मात्र चपट्या टीव्हीवर कळ दाबल्यावर मोटार किंचित उशिरा वळते, आणि शर्यतीत तेवढ्यानंच घात होतो. म्हणून जुना पेटीचा टीव्ही असेल तर उत्तमच. त्याची पाठ मात्र उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते.

गेल्या दिवाळीत माहेरच्या माळ्यावर आमचं तेच खोकं सापडलं. भाऊबीजेला भाऊ पाटावर बसला, तेव्हा मी म्हटलं, "यंदा साडी नको. आधी माझा डाव." तो हसला, पण उठला आणि चहाचं आधण ठेवायला गेला. साखरेचा डबा कुठे असतो, ते त्याला स्वतःच्याच घरात ठाऊक नव्हतं. पडद्यावरची नजर काढून मी त्याला फडताळ दाखवलं, आणि ट्रकवर आपटले.