किल्ली बोंडात, कुलूप मेंदूत

दिवाळीच्या अनारशावरची खसखस तुम्ही खाल्लीच असेल. तिने कोणाला नशा चढत नाही. परंतु ज्या बोंडात हे दाणे पिकतात, ते हिरवे असताना त्याला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. हा चीक वाळला म्हणजे अफू. मध्य प्रदेशात नीमच, मंदसौरकडे सरकारी परवान्याने हे पीक घेतात. वेदनाशामक औषधांसाठी ते लागते.

सुमारे १८०५ साली झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. मॉर्फिनपासून बनविलेले हेरॉईन बायर कंपनीने १८९८ मध्ये चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. याची सवय लागत नाही, अशी तेव्हा समजूत होती!

एका झाडाच्या चिकाचा मेंदूवर एवढा अंमल का चालावा? चेतापेशींवर मॉर्फिनचा रेणू नेमका बसेल असे ग्राही असतात, हे १९७३ मध्ये दिसून आले. जणू कुलूपच. पण अफूसाठी निसर्गाने डोक्यात कुलूप कशाला बसवावे? १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत मूळ किल्ली सापडली : एन्केफॅलिन. वेदना सुसह्य व्हावी म्हणून असे पदार्थ आपले शरीरही थोडेथोडे तयार करते. मॉर्फिन आणि हेरॉईन या बनावट किल्ल्या होत.

हेरॉईन रोज घेतले की काही चेतापेशींचे काम सतत दडपले जाते. त्याही मग अधिक जोर लावू लागतात. साहजिकच पहिली मात्रा पुरत नाही, ती वाढवावी लागते. दोन माणसे दाराला दोन्ही बाजूंनी रेटत असावीत आणि एकाने एकाएकी अंग काढून घ्यावे, म्हणजे दुसरा तोंडघशी पडतो. हेरॉईन बंद करताच नेमके हेच होते. घाम, काटा, जुलाब, उलट्या, हाडे फोडणारी कळ, झोप नाही. १९८० नंतरच्या दशकात ‘गर्द’ म्हणजे अशुद्ध हेरॉईन मुंबई-पुण्याच्या तरुणांत पसरले, तेव्हा या अवस्थेला ‘टर्की’ हे नाव पडले. पुण्यात १९८६ मध्ये अवचट दांपत्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, ते याच सुमारास. ‘मनावर घे, सुटेल’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही शरीराची बाजू ठाऊक नसते.

टर्की साधारण आठवड्याभरात ओसरते. खरा धोका पुढेच आहे. पेशी पूर्ववत होऊ लागतात, म्हणजेच मोठी मात्रा सोसण्याची ताकद जाते. ओढ मात्र महिनोन् महिने राहते. अशा वेळी बरा होऊन घरी आलेला मुलगा ‘एकदाच’ म्हणून जुन्या मापाने घेतो, आणि श्वास चालविणारे मेंदूच्या देठातील केंद्र मंदावते. ओठ निळे पडतात, हाक मारली तरी ओ येत नाही. तेव्हा झोपू द्यायचे नसते. ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो. तेथे नॅलोक्सोन हे औषध हेरॉईनला ग्राहीवरून हुसकावते आणि काही मिनिटांत श्वास परततो. पण नॅलोक्सोनचा असर हेरॉईनच्या आधी उतरू शकतो. म्हणून उठून बसलेल्या, ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्या रुग्णालाही डॉक्टर काही तास घरी सोडत नाहीत.