थरांचे साम्य आणि उत्पत्तीचा भेद

महाराष्ट्रातील वेरूळ आणि कर्नाटकातील बदामी या दोन्ही ठिकाणी अखंड खडकात लेणी कोरलेली आहेत आणि दोन्हीकडे डोंगरात आडवे थर दिसतात. या दृश्य साम्यावरून दोन्ही खडक एकाच कुळातले आहेत, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. वेरूळचा बेसाल्ट अग्निजन्य आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचातील भेगांतून वर आलेला लाव्हा पसरून थिजत गेला. तेथील थर म्हणजे एकावर एक साचलेले लाव्हाप्रवाह होत. बदामीचा वालुकाश्म स्तरित असून त्याहून कित्येक पट प्राचीन आहे. आणखी जुन्या खडकांची झीज होऊन सुटलेले कण पाण्याबरोबर वाहत आले, साठले आणि कालांतराने खनिजद्रव्याने सांधले गेले.

हा भेद कणांच्या पातळीवर स्पष्ट होतो. बेसाल्टमधील स्फटिक लाव्हा थिजताना जागच्या जागी वाढलेले, म्हणून परस्परांत गुंतलेले असतात. वालुकाश्माचे कण अन्यत्र घडलेले असतात आणि प्रवासात त्यांच्या कडा झिजलेल्या असतात. तथापि बेसाल्टही सर्वस्वी स्वयंपूर्ण नव्हे; त्यातील वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे नंतर भरली गेली आहेत.

तौलनिक साहित्याभ्यासाला यातून पद्धतीविषयक बोध घेता येईल. दोन भाषांतील कृतींचा आकृतिबंध सारखा आढळला, की समान उगमाचा वा प्रभावाचा दावा पुष्कळदा केला जातो. केवळ थर दाखवून तो टिकत नाही. कण कोठून आला आणि कशाने सांधला गेला, हे सिद्ध करावे लागते.