पाणी ओसरतं तेव्हा

फाल्गुन सरत आला की उजनी धरणाचं पाणी काठ सोडायला लागतं. डिसेंबरात कुंभारगावात ज्या बाभळीला होडी बांधलेली असते, ती बाभळ आता कोरड्यात येते आणि होडीपर्यंत जायला गाळातून शंभर-दीडशे पावलं तुडवावी लागतात. पहाटे साडेपाचला पोहोचलं तर दिसत काहीच नाही, नुसतं ऐकू येतं. टिटवी डोक्यावरून ओरडत जाते. लांबून चक्रवाकांचा नाकातला आवाज येतो, मागच्या उसाच्या फडात भारद्वाजाचा हुंकार घुमतो, आणि चिखलात बारीक चुळबुळ चाललेली असते. मग पाण्याची कड राखाडी होते, हळूहळू गुलाबी होते. त्या गुलाबीतला एक पट्टा हलायला लागतो, तेव्हा कळतं की ते रोहित पक्षी आहेत.

भिगवणचा हा काठ पुण्याहून शंभरेक किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारी कुंभारगाव आणि डिकसळला गाड्यांची रांग लागते. मार्चअखेर काठ मोकळा होतो, कारण ‘आता ऊन झालं, पक्षी गेले’ असा सर्वांचाच समज आहे. मी पंचवीसेक वर्षं या काठांवर जातो आहे आणि माझं मत आता पक्कं आहे: वर्षात एकच फेरी जमणार असेल, तर ती होळी आणि गुढीपाडव्याच्या मधल्या एखाद्या पहाटे करावी.

आपल्याकडे पक्ष्यांची आठवण हिवाळ्याशी बांधली गेली आहे. ५ नोव्हेंबर १९३२ हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर १८९६ हा सालीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, आणि तो साजरा व्हायलाच हवा. पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तीही मोलाची आहे, कारण त्यामुळे एका महिन्याचं चित्र वर्षानुवर्षं ताडून पाहता येतं. पण जानेवारीतला पक्षी मुक्कामाला आलेला असतो. खातो, झोपतो, पिसं साफ करतो. मार्चमधला पक्षी निघायच्या तयारीत असतो, आणि त्याच चिखलावर इथलाच दुसरा एखादा पक्षी अंडी घालायच्या तयारीत असतो. जाणारे आणि संसार मांडणारे एकाच काठावर दिसतात ते या दिवसांतच.

तयारी म्हणजे काय, हे पिवळ्या धोब्याकडे पाहावं. नोव्हेंबरात तो मळकट असतो, नवख्याला ओळखूही येत नाही. मार्चच्या मध्याला पाटाच्या कडेला तोच पक्षी पाहिला तर पोट हळदीसारखं, डोकं राखाडी-निळं किंवा काळं. गेल्या वर्षी एका गव्हाच्या रानात शेतकरी दारं धरत होता. एक वाफा भरला की खोऱ्यानं बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, हे त्याचं काम पहाटे चारपासून चाललेलं. पाण्याची जीभ पुढे सरकत होती, भेगांतून कोळी-किडे वर येत होते आणि त्या जिभेबरोबर वीस-पंचवीस धोबी पळत होते. एकाला मी दुर्बिणीतून बराच वेळ धरून ठेवलं. चोच मारायची, शेपूट दोनदा खाली आपटायची, चार पावलं पळायचं. दर चार-पाच सेकंदांना एक किडा. हे खाणं त्याच्या अंगावर चरबी म्हणून साठतं आणि जेमतेम दीड-दोन तोळ्यांचा तो जीव त्या शिदोरीवर मध्य आशियाची वाट धरतो. शेतकऱ्यानं मान वर न करता विचारलं, “हे आता जाणार का?” त्याला ठाऊक होतं. दरवर्षी त्याच्याच वाफ्यातून ते जातात.

बाकीच्यांचंही तसंच. मालगुजाच्या मानेवर विटकरी रंग चढतो. सुरय पक्ष्यांची पांढरी पोटं काळवंडायला लागतात. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी झाक येते आणि ढोकरीच्या पाठीवर तपकिरी-जांभळी शाल पडते. हे दोघे मात्र कुठे लांब जायचे नाहीत, त्यांचा साज इथल्याच पावसासाठी. बदकांत थापट्या आणि तलवार बदकं मार्चमध्ये झपाट्यानं कमी होतात, भुवई बदक रेंगाळतं. पट्टकदंब तर बहुधा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच दिसेनासे होतात. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस लडाख, तिबेट, मंगोलियाच्या सरोवरांवर वीण करतो आणि तिकडे जाताना हिमालय ओलांडतो. अंगावर बसवलेल्या ट्रान्समीटरमधून ७,००० मीटरहून अधिक उंचीवरची त्याची उड्डाणं नोंदली गेली आहेत. जानेवारीत तोच पक्षी आपल्या गाळपेरीतल्या हरभऱ्यात चरत असतो.

गाळपेर हा शब्द नीट समजून घेतल्याशिवाय उजनीचे पक्षी समजत नाहीत. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं. साठवण ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पाणी ओसरलं की बुडीत जमीन उघडी पडते आणि तिथल्या गाळात लोक हरभरा, गहू, मका, कलिंगड घेतात. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की लोक ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. अशा वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं आणि धरणात गाव गेलेली म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन ते दाखवायला येतात. माणसांना ही टंचाई असते. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना मात्र दर आठवड्याला नवं ताट वाढलेलं असतं, कारण पाणी जितकं मागे जाईल तितका ताजा, किड्या-गोगलगायींनी भरलेला गाळ उघडा होतो. शेकाटे, तुतवार, चिखले, शराटी हे सगळे त्या सरकत्या रेषेला धरून असतात. त्यामुळे वसंतात काठावर एक जागा पकडून बसण्यात अर्थ नाही. काल जिथे पक्षी होते तिथे आज भेगा पडलेल्या असतात. रेषा शोधावी लागते.

त्या रेषेच्या मागे, नुकत्याच सुकलेल्या गाळात, दुसरा संसार सुरू होतो. एप्रिलच्या सुरुवातीला एका उघड्या पडलेल्या बेटावर उतरलो होतो. नावाडी पुढे होता, तो एकदम थांबला. “सर, पाय उचलू नका. फुडं अंडी हायती.” मला काहीच दिसेना. त्यानं काठीनं लांबूनच जागा दाखवली. माझ्या बुटापासून दोन हातांवर, गाईच्या सुकलेल्या खुराच्या खळग्यात, तीन अंडी. मातीच्याच रंगाची, तपकिरी ठिपके आणि रेघोट्या असलेली. घरटं असं नव्हतंच, गवताची काडीसुद्धा नाही. पाणभिंगरीची अंडी होती ती. आम्ही आल्या पावली मागे फिरलो आणि होडीत बसून पाहत राहिलो. दहा मिनिटांत पक्षी परतला. पण थेट अंड्यांवर गेला नाही. आधी पाण्याच्या कडेला जाऊन त्यानं पोट बुडवलं, पिसं चांगली भिजवली आणि मग येऊन अंड्यांवर बसला. गाळ तापला की अंडी उकडू नयेत म्हणून ओल्या पोटानं ती गार ठेवायची. नदी सुरयही असंच करतो, टिटवीही करते. तो नावाडी लहानपणापासून मासे धरत आला आहे. चिलापीनं जाळं भरतं की नाही, याचा घोर आजही त्याच्या मागे आहे. पण दर उन्हाळ्यात कुठल्या बेटावर कोण बसलंय हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. कुंभारगाव-डिकसळच्या अशा माणसांकडून मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही.

तळ्याचं अर्धं अंग शेतात असतं, हे माझं आवडतं म्हणणं आहे. पाण्यावर जे रात्र काढतात ते दिवसा रानात खातात, आणि रानात खाणारे कित्येक रात्री पाण्याकडे येतात. भोरड्यांचंच बघा. सूर्य वर यायच्या आत पाणकणिसाच्या बेटातून त्यांचे थवे धुरासारखे उठतात आणि जोंधळ्यावर जातात. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या बाईला हा पक्षी गोड वाटण्याचं कारण नाही, आणि तिची तक्रार खरी आहे. पण ज्वारी निघाली, धसकटं राहिली, की याच भोरड्या नाकतोडे वेचतात, पळस-पांगाऱ्याच्या फुलांतला मध पितात, गुलाबी होत जातात आणि एप्रिलमध्ये एका सकाळी नसतात. त्यांची वीण मध्य आशियात, टोळांच्या मुलखात. जोंधळ्याची जागा उसानं घेतली तिथे हे थवे माझ्या डोळ्यांदेखत विरळ झाले आहेत. फडात पक्षी नसतात असं नाही, पण माळ आणि ज्वारीचं रान जे देतं ते ऊस देत नाही.

माळाचं तर वेगळंच. इंदापूर तालुक्यात कडबनवाडी, बारामतीकडे सुपे इथलं मयूरेश्वर अभयारण्य, सोलापूरजवळ नान्नज. भिगवणची पहाट उरकली की ऊन चढायच्या आत तासाभरासाठी तरी माळावर जावं. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकता टेकता पुन्हा उचलतो. धाविक वाळक्या गवतात पळतो आणि थांबतो, थांबला की हरवतो. हिवाळाभर माळावरच रात्र काढणारे भोवत्या ससाणे या दिवसांत शेवटच्या फेऱ्या घालत असतात. सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणतात. याच शब्दामुळे माळ नांगरला जातो किंवा त्याच्यावर रोपं लावली जातात, दोन्ही चांगल्या हेतूनं. मला तो शब्द बदललेला पाहायचा आहे.

राज्यात इतरत्र हेच वेगवेगळ्या चालीनं घडतं. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे पाण्याचं येणंजाणं कालव्याच्या आवर्तनांवर चालतं, त्यामुळे गाळ उघडा पडण्याचे दिवस पंचांगावरून सांगता येत नाहीत, पाटकऱ्याला विचारावं. भोवती द्राक्षबागा आणि कांदा. पैठणचा नाथसागर इतका पसरट की वसंतात तिथे पक्षी असूनही हाताशी येत नाहीत, तिथे टेलिस्कोप हवा. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ हतनूर, केळीच्या मुलखात.

पूर्व विदर्भाची गोष्ट मात्र दोन ओळींत उरकण्यासारखी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजानं तीनेकशे वर्षांपूर्वीपासून ते धानासाठी बांधले. चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून जिथे काही वर्षं काढली तो नवेगावबांध त्यातलाच. राज्यातले सारस आता मुख्यतः गोंदिया आणि आसपासच्या पट्ट्यातच उरले आहेत, जेमतेम काही डझन. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत घरटं करतात, म्हणजे शेतकऱ्यानं ठरवलं तरच ते वाचतं. तिथल्या कितीतरी शेतकऱ्यांनी तसं ठरवलं आहे, घरट्यापुरती बांधी सोडून दिली आहे. उन्हाळ्यात तलाव आटत जातात तशी सारसांची जोडपी उरल्या पाण्याजवळ येतात. जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी स्वयंसेवक पहाटे पाचलाच ठिकठिकाणी बसून एकाच वेळी त्यांची मोजणी करतात. एकदा मी तशा पहाटे बांधावर बसलो होतो. जोडप्यानं माना वर करून एकत्र हाक दिली, ती पाण्यावरून पलीकडच्या गावापर्यंत गेली, आणि शेजारी बसलेल्या मुलानं वहीत ‘२’ लिहिलं.

चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांनी मराठीला दिलेल्या शब्दांपैकी ‘सारंगागार’ मला वसंतात हमखास आठवतो. बगळे, करकोचे, पाणकावळे जिथे एकत्र घरटी करतात ती जागा. भिगवणजवळ भादलवाडीच्या तळ्यात बाभळींवर चित्रबलाकांचं असं सारंगागार आहे. बुंध्याशी पाणी असलं तर कुत्री-मांजरं तिथवर पोहोचत नाहीत. तळं आटलं की ती भिंत जाते. लोकांनी ठेवलेली नावंही अशीच नेमकी आहेत. चोचीच्या बुडाशी तांबडा ठिपका आणि टोकाला पिवळा, म्हणून हळदी-कुंकू बदक. चमच्यासारख्या चोचीचा थापट्या. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा लावलेला वारकरी. मुलांना ही नावं आधी द्यावीत, दुर्बीण नंतर.

जे सलतं तेही सांगायला हवं. एका मार्चमध्ये छायाचित्रकारांची मोटरबोट रोहितांच्या थव्यात सरळ घातलेली पाहिली, कारण उडतानाचा फोटो हवा होता. लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला तीनदा उडवलं की त्याची शिदोरी तितकी कमी होते. त्याच काठावरचे वल्ह्याची होडी हाकणारे नावाडी पन्नास-साठ मीटर आधीच थांबतात आणि पक्षी आपणहून जवळ येतात. शहरांचं सांडपाणी भीमेतून खाली येतं, जलपर्णी काठ झाकते आणि चिखलाची ती रेषाच बुजून जाते. मोकाट कुत्री बेटांवर पोहोचली की पाणभिंगरीची वसाहत एका रात्रीत संपते. एप्रिलमधली अंडी तुडवली जाऊ नयेत म्हणून चार काठ्या आणि सुतळी लावून बेटाचा तुकडा महिनाभर राखणं फार खर्चाचं नाही. कुठे कुठे गावकऱ्यांनी ते करून दाखवलं आहे.

माझ्या वहीत प्रत्येक पक्ष्यापुढे दोन रकाने आहेत: पहिला दिवस आणि शेवटचा दिवस. पहिला भरणं सोपं, आला की लिहायचं. शेवटचा कधीच त्या दिवशी भरता येत नाही. आज दिसला, उद्या पुन्हा जावं लागतं, परवा पुन्हा, आणि तो नाही हे चार-पाच पहाटे पाहिल्यावर मागची तारीख लिहायची. गेल्या एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तीन भुवई बदकं उरली होती. सलग दोन सकाळी ती त्याच गवताळ कोपऱ्यात दिसली. तिसऱ्या सकाळी तिथे वाळलेल्या गाळावर पाणभिंगरीचं एक पिल्लू माझ्यासमोर चपटं होऊन बसलं, सुपारीएवढं डोकं जमिनीला टेकवून, डोळा उघडा. नावाडी म्हणाला, “आता इथनंच मागं फिरू.” आम्ही फिरलो. बदकांची तारीख मी चार दिवसांनी लिहिली.