परक्या लिपीतील आपला इतिहास
विद्यापीठातील पूर्व आशियाई ग्रंथपालाचे कार्य

परभणी जिल्ह्यातील मानवत हे गाव कापसाची बाजारपेठ म्हणून मराठवाड्यात सुपरिचित आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड आणि सिकंदराबाद ही ठिकाणे जोडली. मानवत रोड स्थानकामुळे या परिसरातील कापसालाही मुंबईची वाट मोकळी झाली. वऱ्हाड, खानदेश आणि तत्कालीन निजामी मुलुखातील कापूस मुंबईच्या बाजारात 'उमरा' या नावाने ओळखला जाई आणि त्याचा एक मोठा ग्राहक होता जपान. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू झाली. पुढे तोयो मेन्का, निप्पॉन मेन्का व गोशो या जपानी कंपन्या मुंबईच्या कापूस बाजारातील प्रमुख खरेदीदार ठरल्या. 'मेन्का' या शब्दाचा अर्थच मुळी कापूस असा आहे.

१९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने जपानशी असलेला १९०४ चा व्यापारी करार संपुष्टात आणण्याची सूचना दिली व परदेशी कापडावरील जकात वाढविली. प्रत्युत्तरादाखल जपानी गिरणीमालकांनी हिंदी कापसाची खरेदी थांबविली. दीर्घ वाटाघाटींनंतर १९३४ मध्ये नवा करार झाला. जपानने दरवर्षी दहा लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्याबदल्यात साडेबत्तीस कोटी वार कापड हिंदुस्थानात पाठवावे, असे त्याचे मूळ सूत्र होते. शेतकऱ्याच्या कापसाला मिळणाऱ्या भावाचे धागे असे ओसाकाच्या गिरण्यांपर्यंत पोहोचले होते. या घडामोडींची एक बाजू इंग्रजी कागदपत्रांत वाचावयास मिळते; दुसरी बाजू जपानी भाषेत आहे. ती अभ्यासकाच्या हाती पडावी याची व्यवस्था करणारी व्यक्ती म्हणजे पूर्व आशियाई अभ्यासशाखेचा ग्रंथपाल होय.

कार्याचे स्वरूप

चीन, जपान व कोरिया या देशांच्या भाषा, इतिहास, धर्म आणि अर्थव्यवहार यांचा अभ्यास जेथे होतो, त्या विद्यापीठांत या ग्रंथपालाचे पद असते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९२८ मध्ये स्थापन झालेले हार्वर्ड-येन्चिंग ग्रंथालय हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. भारतात रवींद्रनाथ टागोर व तान युन-शान यांच्या प्रयत्नांनी १९३७ मध्ये शांतिनिकेतन येथे चीना भवन उभे राहिले आणि तेथे चिनी ग्रंथांचा मोठा संग्रह झाला.

ग्रंथ निवडणे, मागविणे, नोंदणे, जतन करणे आणि वाचकास मार्गदर्शन करणे ही कामे कोणत्याही ग्रंथपालास करावी लागतात. येथे मात्र प्रत्येक पायरीवर लिपीचा प्रश्न उभा राहतो. चिनी लिपीत वर्णमाला नाही. त्यामुळे मराठी कोशाप्रमाणे 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रम लावता येत नाही. १७१६ मध्ये पूर्ण झालेल्या कांगशी कोशात चिन्हांची मांडणी २१४ मूळ घटकांनुसार केलेली आहे. जुने चिनी ग्रंथ मऊ कागदाचे व दोऱ्याने शिवलेले असतात. आपल्याकडे पोथी बासनात बांधतात, तद्वत ते कापडी आवरणाच्या पेटीत आडवे ठेवावे लागतात.

नाव एक, रूपे अनेक

या ग्रंथपालाच्या कौशल्याची खरी कसोटी नोंद करताना लागते. शाळेच्या पाठ्यपुस्तकात 'ह्युएन त्संग' म्हणून भेटणारा चिनी यात्रेकरू इंग्रजी ग्रंथांत 'युआन च्वांग' या रूपानेही आढळतो. आजच्या चिनी उच्चारानुसार तेच नाव 'श्वेन त्सांग' असे होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० मध्ये चिनी नावे रोमन लिपीत लिहिण्याची जुनी पद्धत सोडून चीनमध्ये १९५८ पासून रूढ असलेली पिनयिन पद्धत स्वीकारली. त्यामुळे असंख्य नोंदींतील नावांची रूपे बदलावी लागली. सर्व रूपे परस्परांशी जोडून ठेवली नाहीत, तर एकाच व्यक्तीचे ग्रंथ तीन ठिकाणी विखुरतात.

जपानी भाषेत अडचण वेगळी आहे. त्याच दोन चिन्हांनी लिहिलेले स्त्रीचे नाव 'युको' किंवा 'हिरोको' असे वाचले जाऊ शकते. उलटपक्षी 'किकोऽ' या एकाच उच्चाराचे हवामान, संघटना आणि प्रवासवर्णन असे निरनिराळे अर्थ होतात. चिन्हे पाहिल्याखेरीज अर्थ ठरत नाही. जपानी लिपीत शब्दाच्या अखेरीस सुटा 'त्' येत नाही. साहजिकच 'मानवत' हे नाव त्या लिपीत 'मानवातो'सारखे रूप घेईल. हे ज्यास ठाऊक नाही, त्याच्यासमोर कागद असूनही गाव सापडणार नाही.

सनाचेही तसेच आहे. जपानी कागदावरील 'शोवा ९' आणि चिनी प्रजासत्ताकाचे २३ वे वर्ष म्हणजे इसवी सन १९३४. निजामी दप्तरातील फसली १३४३ हे वर्षही ऑक्टोबर १९३३ ते ऑक्टोबर १९३४ असे होते. मराठवाड्यातील महसूल कर्मचाऱ्यास फसली सनाचा हिशेब परका नाही. २०२३ मध्ये निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचे महत्त्व सर्वांच्या लक्षात आले. दप्तर असते, परंतु ते वाचणारा व त्याची सूची करणारा नसेल, तर ते नसल्यासारखेच होते. पूर्व आशियाई ग्रंथपालाचे काम नेमके याच जातीचे आहे.

चिनी ग्रंथांतील महाराष्ट्र

ह्युएन त्संग सातव्या शतकात भारतात आला. मायदेशी परतल्यावर ६४६ मध्ये त्याचा प्रवासवृत्तांत सिद्ध झाला. त्यात महाराष्ट्र देशाचे, तेथील स्वाभिमानी लोकांचे आणि चालुक्य नृपती पुलकेशीचे वर्णन आहे. महाराष्ट्राविषयी परदेशी प्रवाशाने लिहिलेल्या प्राचीन वृत्तांतांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. मात्र मूळ ग्रंथात महाराष्ट्राचे नाव 'मो-हो-ला-चा' अशा उच्चाराच्या चिन्हांनी लिहिलेले आहे. या नावाची सांगड 'महाराष्ट्र' या शब्दाशी सूचीत घातलेली असेल, तरच मराठी अभ्यासकास वाट सापडते.

बौद्ध वाङ्मयात तर ही गरज अधिकच तीव्र आहे. मूळ भारतीय भाषेत नष्ट झालेले अनेक ग्रंथ चिनी भाषांतरांत टिकून राहिले. नान्जिओ बुन्यू या जपानी विद्वानाने १८८३ मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध केलेल्या सूचीत अशा १,६६२ ग्रंथांची नोंद असून, शक्य तेथे संस्कृत शीर्षकेही दिली आहेत. १९२४ ते १९३४ या काळात टोकियोत छापला गेलेला 'ताइशो' त्रिपिटक शंभर खंडांचा आहे. ग्रंथसूची हीच येथे संशोधनाची पहिली पायरी ठरते.

या क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा अभिमानास्पद आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद कोसंबी यांनी पाली भाषेच्या अध्यापनाचा पाया घातला. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाच्या चिनी भाषांतराची 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाशी तुलना करून १९३७ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मूळ पाली 'विमुत्तिमग्ग' हाती नसताना केवळ चिनी प्रतीच्या आधारे हे कार्य झाले. पुढे बापट दिल्ली विद्यापीठाच्या बौद्ध विद्या विभागाचे पहिले प्रमुख झाले. जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह त्यांनी केलेले एका चिनी विनयग्रंथाचे भाषांतर १९७० मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रकाशित केले.

नवी साधने, जुनी गरज

आज ताइशो त्रिपिटकाचा मजकूर संगणकावर उपलब्ध आहे. जपानने २००१ मध्ये सुरू केलेल्या आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राद्वारे परराष्ट्र खात्याची जुनी कागदपत्रे घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येतात. मानवत येथील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यासही ती पाहता येतील. तथापि, संगणकाला कोणता शब्द द्यावयाचा, हे माणसानेच ठरवावे लागते. नाव चुकले की उत्तर 'काही नाही' असे येते आणि इतिहासच नव्हता असा गैरसमज होतो. हा गैरसमज दूर करणे हे ग्रंथपालाचे काम आहे.

परकी कागदपत्रे अर्थपूर्ण ठरण्यासाठी स्थानिक पुरावाही हाती असावा लागतो. बाजार समितीच्या जुन्या आवक-वह्या, अडत्यांची रोजकीर्द, सरकी काढण्याच्या कारखान्यांची दप्तरे आणि शाळांचे जुने दाखले हा तो पुरावा होय. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रंथालय कार्यकर्ते यांनी अशी दप्तरे रद्दीत जाऊ न देता त्यांची साधी यादी करावी आणि प्रत्येक नोंदीत मूळ सनाशेजारी इसवी सन लिहावा. गावाच्या नावाची जुनी रूपेही नोंदवावीत. ओसाकातील हिशेब आणि मानवतची वही एकमेकांशेजारी ठेवता येतील, त्या दिवशी येथील कापूस उत्पादकाचा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचता येईल.