आपल्या वस्तीचा नकाशा आपणच भरूया



ग्रामपंचायतीचा विकास आराखडा करायचा असला की देवळासमोरच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी तो काढला असेल. रस्ता पांढऱ्या रांगोळीने, ओढा निळ्या, घरांच्या जागी खडे, झाडांच्या जागी लिंबाचा पाला. पुरुष मंडळी आधी देऊळ, चावडी आणि सोसायटी काढतात. बायका हातपंप काढतात, आणि त्यातला चालू कुठला, बंद कुठला हेही सांगतात. मग फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगण झाडलं की नकाशा गेला.

आज आपण अशाच, लोकांनी मिळून काढलेल्या एका नकाशाविषयी बोलणार आहोत. तो इंटरनेटवर असतो, त्यामुळे झाडला जात नाही. त्याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप.

आम्ही याच्या नादाला कसे लागलो ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सुनेला रात्री अकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका बोलावली. चालक तालुक्यात नवा होता. त्याच्या मोबाइलमधल्या नकाशात गावठाण होतं, पण माळावरची चाळीस उंबऱ्यांची आमची वस्ती नव्हती. तो गावठाणात येऊन थांबला. तिथून नकाशाने जवळचा म्हणून जो रस्ता दाखवला, त्यावरची ओढ्याची फरशी पाण्याखाली गेलेली. शेवटी वस्तीवरचा एक मुलगा लांबच्या वाटेने मोटारसायकलवर गेला आणि गाडीच्या पुढे राहून तिला घेऊन आला. यात पाऊण तास गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून आज हे शांतपणे सांगता येतंय.

पुढच्या बैठकीत एकीने विचारलं, "आपली वस्ती नकाशात भरायची कुणी असते?" तोवर आम्हाला वाटायचं, नकाशे सरकार काढतं, नाहीतर मोठ्या कंपन्या काढतात. आपण फक्त बघायचे. मग शोधताना कळलं, की एक नकाशा असा आहे जो कुणीही भरू शकतं.

२००४ साली लंडनमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट नावाच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. ब्रिटनमध्ये तेव्हा सरकारी नकाशाची माहिती वापरायला भरपूर पैसे मोजावे लागायचे. त्याचं म्हणणं साधं होतं: प्रत्येकाने आपापल्या भागातलं थोडं थोडं भरलं, तर सगळ्यांना फुकट वापरता येईल असा नकाशा तयार होईल. सुरुवातीला लोक उपग्रहाच्या मदतीने जागा टिपणारं छोटं यंत्र खिशात घालून पायी आणि सायकलवर फिरायचे, आणि यंत्रात उमटलेला माग घरी येऊन संगणकावर गिरवायचे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली आकाशातून घेतलेली चित्रं गिरवायला वापरू दिली, तेव्हा काम खूप सोपं झालं. आज या नकाशावर एक कोटीहून जास्त लोकांनी खाती उघडलेली आहेत. त्यातले नियमित भरणारे मात्र थोडेच. आपल्या ग्रामसभेसारखंच, नावं पुष्कळ आणि हजर मोजके.

या नकाशाची रचना समजायला अवघड नाही. एकटी जागा असेल तर बिंदू: हातपंप, मोठं झाड, बसथांबा. लांब वस्तू असेल तर रेषा: रस्ता, ओढा, पायवाट. रेषेची दोन्ही टोकं जुळवली की घर, शेततळं किंवा शाळेचं आवार होतं. मग प्रत्येकाला माहितीची चिठ्ठी लावायची. तिला टॅग म्हणतात. ही विहीर आहे. हा रस्ता कच्चा आहे. या रस्त्यावर रात्री दिवे असतात. या पाण्याला हंगाम असतो, म्हणजे ते बारमाही नाही. गावाचं नाव मराठीत लिहायलाही वेगळा टॅग आहे.

आणि हिशेब सगळ्यांसमोर! कुणी, कधी, काय बदललं याची नोंद कायम राहते, आपल्या गटाच्या इतिवृत्तासारखी. कुणी चुकून किंवा मुद्दाम काही बिघडवलं, तर ते मागे फिरवता येतं.

एवढ्याने काय होतं, असं वाटेल. १२ जानेवारी २०१० ला हैती या देशात मोठा भूकंप झाला. राजधानी पोर्टो-प्रिन्सचा तपशीलवार नकाशा तेव्हा या संकेतस्थळावर जवळपास नव्हताच. जगभरच्या शेकडो लोकांनी घरी बसून, भूकंपानंतर काढलेली चित्रं बघत रस्ते, पडलेल्या इमारती आणि तंबूंच्या छावण्या भरल्या. मदतीला गेलेली पथकं तोच नकाशा आपल्या यंत्रांत घालून फिरली. त्यातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. मोठ्या प्रदेशाचे चौकोन पाडून एकेक चौकोन एकेकाला वाटून द्यायचा, ही त्यांची रीत. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपातही हीच रीत कामी आली. तिथे काठमांडूतली स्थानिक मंडळी आधीपासून शाळा आणि दवाखाने भरत होती, त्याचा मोठा आधार झाला.

आता खास आपल्या कामाचा मुद्दा. नकाशात तेच येतं, जे भरणाऱ्याला रोज लागतं. या नकाशाचे भरणारे वर्षानुवर्षं बहुतांशी पुरुषच राहिले आहेत. नवा टॅग आणायचा असेल तर आधी चर्चा होते, मग मतदान. २०११ च्या सुमाराला पाळणाघरासाठी वेगळा टॅग असावा असा प्रस्ताव आला आणि तो मतदानात पडला. बालवाडीचा टॅग आहेच की, वेगळा कशाला, असं म्हणणं पडलं. जिने लहान मूल ठेवून कामावर जायचं आहे, तिला बालवाडी आणि पाळणाघर यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. दारूच्या गुत्त्यांसाठी आणि नाइट क्लबसाठी टॅग होते, पाळणाघरासाठी नव्हता. पुढे पुन्हा चर्चा झाली आणि आज तो टॅग वापरात आहे. पण हे आपोआप घडलं नाही. कुणीतरी मुद्दा लावून धरला, तेव्हा घडलं.

बायकांसाठी नकाशा किती जवळचा असू शकतो, ते टांझानियात दिसतं. तिथल्या काही भागांत मुलींची सुंता करण्याची प्रथा आहे. कायद्याने बंदी असूनही ती चालते. ती टाळायला मुली घरातून पळतात. त्यांना सोडवायला निघालेल्या कार्यकर्त्यांना गावाचं नाव कळतं, पण गाव कुठे आहे ते नकाशात नसतं. म्हणून २०१५ पासून क्राउडटूमॅप टांझानिया या उपक्रमात जगभरचे लोक चित्रं बघून तिथली घरं आणि रस्ते गिरवतात, आणि गावातले लोक मोबाइलवरून नावं भरतात. बाहेरच्याला छप्पर दिसतं. त्या गावाला काय म्हणतात, ते तिथलाच माणूस सांगू शकतो.

आम्ही काय केलं ते आता सांगतो. तुम्हालाही जमेल.

पहिल्या बैठकीत रांगोळीचाच नकाशा काढला, पण या वेळी कागदावर उतरवून घेतला. दुसऱ्या बैठकीत बारावी झालेल्या दोन मुलींनी ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर खातं उघडलं. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त ईमेल लागतो. संपादनाच्या बटणावर गेलं की आकाशातून घेतलेलं चित्र दिसतं. ते बघताना पहिला अर्धा तास सगळ्या जणी आपापलं घर शोधत होत्या! मग एकेक घर, वस्तीचा रस्ता आणि ओढा गिरवला, आणि वस्तीला नाव दिलं. काय बदललं ते एका ओळीत लिहायचं आणि जतन करायचं.

चित्रात जे दिसत नाही, त्यासाठी शिवार फेरी काढली. अँड्रॉइड मोबाइलवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. ते आपल्याला साधे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी की मातीचा? इथे दिवे आहेत का? रेंज नसली तरी उत्तरं भरता येतात, नंतर ती वर जातात. गटातल्या वयस्कर ताईंना मोबाइल चालवता येत नव्हता, पण सगळ्यात मोलाची माहिती त्यांचीच. कुठली विहीर होळीपर्यंत आटते, कुठली पायवाट पावसात बंद होते, फरशी किती पावसाला बुडते, हे त्यांनी सांगितलं आणि मुलींनी भरलं.

आमच्या चुकाही झाल्या. एकीने आपल्या घरावर मालकिणीचं नाव टाकलं, ते काढावं लागलं. खाजगी माणसांची नावं, फोन, कुठल्या घरात एकटी बाई राहते, असलं काहीही भरायचं नाही. नकाशा सगळं जग बघतं. दुसरी चूक म्हणजे एकीने दुसऱ्या कंपनीच्या नकाशात बघून दुकानांची नावं उतरवली. तसं चालत नाही. स्वतः पाहिलेलं, किंवा ज्याची परवानगी आहे त्यातूनच घेतलेलं भरायचं. आणि होणार असलेला रस्ता झाला म्हणून दाखवायचा नाही. जाऊन बघणाऱ्याला जे दिसेल, तेवढंच खरं.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. आपण इथे भरलेलं सगळ्याच नकाशांत दिसत नाही. ऑर्गॅनिक मॅप्ससारखी ॲप हा नकाशा वापरतात, आणि तो आधी मोबाइलमध्ये उतरवून ठेवला की रेंज नसतानाही चालतो. पण चालकाच्या मोबाइलात दुसऱ्या कंपनीचा नकाशा असेल, तर आपली वस्ती तिथे आपोआप येणार नाही. म्हणून आम्ही आमच्या भागाचा नकाशा मोठ्या कागदावर छापला, खाली ओपनस्ट्रीटमॅपचा उल्लेख केला, आणि एकेक प्रत ग्रामपंचायत, आशाताई आणि आरोग्य उपकेंद्राला दिली. बुडणारी फरशी त्यावर लाल पेनाने दाखवली आहे, आणि पावसाळ्यातला लांबचा रस्ताही.

शेवटी एवढंच, की नकाशा एकदा भरून संपत नाही. हातपंप बंद पडतो, नवी वस्ती होते, दिवा लागतो किंवा जातो. आम्ही वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, बचतीच्या बैठकीत अर्धा तास नकाशा तपासायला ठेवला आहे. हप्ता भरतो तसाच हाही हप्ता. संकेतस्थळावरची बटणं आणि सूचना मराठीत आणण्याचं कामसुद्धा स्वयंसेवकच करतात. शिकलेल्या लेकीसुनांना त्यातही हातभार लावता येईल.

तुमच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला एकच गोष्ट विचारा: तुला रोज लागणारी, पण नकाशात नसलेली जागा कुठली? जितक्या जणी, तितक्या जागा निघतील. तिथूनच सुरुवात करा.