‘बांगड्या भर’ म्हणण्यापूर्वी

गेल्या सत्रात कबड्डी खेळताना मी एका मित्राला म्हणालो, “जमत नसेल तर बांगड्या भर.” त्याने सरळ माझ्या नाकावर ठोसा मारला. उस्तादांनी दोघांनाही मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या. धावताना प्रश्न पडला : हात त्याचा उठला, पण भांडणाचे मूळ कशात होते?

आधी आकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०१७ साली जगात सुमारे ४ लाख ६४ हजार खून झाले. संशयितांपैकी सुमारे ९० टक्के पुरुष होते. बळी पडलेल्यांतही सुमारे ८० टक्के पुरुषच. मात्र मारल्या गेलेल्या ८७ हजार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा खून जोडीदाराने किंवा घरच्याच माणसाने केला.

मग हिंसा पुरुषाच्या रक्तातच असते का? अनेकजण टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाकडे बोट दाखवतात. पण ते तर सगळ्या देशांतल्या पुरुषांत असते. तरीही २०१५ साली एल साल्वाडोरमध्ये दर लाख लोकांमागे शंभराहून अधिक खून झाले आणि जपानमध्ये एकाहूनही कमी. शरीर तेच, फरक पडतो तो टोळ्या, शस्त्रे, कायदा आणि मुलांवर होणारे संस्कार यांमुळे.

सुट्टीत मी आजीकडे तिरुवैयारुला गेलो, तेव्हा याच विषयाशी जुळणारी एक गोष्ट कळली. तिथून कोळीडम नदी ओलांडली की तिरुमळवाडी लागते. १६७७ साली तिथे शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली. एकोजीराजे रात्रीच न सांगता तंजावरला परतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन्ही भावांच्या फौजा लढल्या आणि एकोजीराजे हरले. बखरी सांगतात, की हाय खाऊन बसलेल्या राजांची समजूत राणी दीपाबाईंनी घातली आणि तह घडवला. त्या तहात महाराजांनी बंगळूर वगैरे मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला.

ज्या बांगडीवरून मी मित्राला हिणवले, तिच्याच नावाने इथे युद्ध थांबवणारीचा मान झाला होता!

याचा अर्थ स्त्रिया जन्मतःच शांत असतात, असाही नाही. महाराणी ताराबाईंनी १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाला झुंजवले. तंजावरच्या दक्षिणेला शिवगंगेच्या वेलू नाचियार यांनी लढून आपले राज्य परत मिळवले. म्हणजे लढणे काय आणि समेट काय, दोन्ही दोघांनाही जमते. मुलग्यांना मात्र लहानपणापासून सांगितले जाते, की माघार घेतलीस तर तू पुरुष नाहीस. ही लाज पुष्कळदा हात उचलायला लावते. आपण सैनिक होणार आहोत. आपले बळ हुकुमाच्या ताब्यात हवे, टोमण्याच्या नव्हे.

सुट्टीवरून आल्यावर मी मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, “पण ठोसा तर मीच मारला होता.” दोघांचेही खरे होते.